क्लासवाले सर, मुंबईचे महापौर आणि आमची सीमा



१७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करून आम्ही चार-पाच सभासद निपाणीत स्टँडाजवळ चहाला बसलो होतो. बोलता बोलता कुणीतरी मनोहर जोशींचं नाव काढलं. लगेच आमच्यातला एक तरुण गडी म्हणाला, "ते की, तंबाखूचं आंदोलन केलेले!" सगळे हसले, पण त्याची चूक म्हणता येणार नाही. निपाणीत 'जोशी' म्हटलं की आधी शरद जोशीच आठवणार. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी पुणे-बंगळूर हायवेवर शेतकरी ठाण मांडून बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. ते घराघरात माहीत आहे. गंमत अशी की हे दोन्ही जोशी पुढे राज्यसभेत एकाच वेळी खासदार होते.

पण मनोहर जोशी वेगळे. आणि सीमाभागाशी त्यांचा संबंध शरद जोशींच्याही आधीचा, १९६९ चा. आपल्या सीमेच्या प्रश्नावर मुंबईत तुरुंगात गेलेला हा माणूस. पुढे तो मुंबईचा महापौर झाला, महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला, दिल्लीत केंद्रीय मंत्री झाला आणि शेवटी लोकसभेचा अध्यक्ष झाला. तरी आपली सीमा होती तिथंच आहे. चहा संपला तरी हा विषय काही संपला नाही, म्हणून आज पेजवर सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा.

नांदवीचा पोरगा

मनोहर गजानन जोशी यांचा जन्म २ डिसेंबर १९३७ चा, नांदवी गावचा. आजच्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात हे गाव येतं, तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. वडील भिक्षुकी करायचे. घरात पैसा नाही. चौथीपर्यंत गावात, मग महाड, मग पनवेलला मामांकडे असं शिक्षण. पनवेलला असताना वार लावून जेवायचं, म्हणजे आज या घरी, उद्या त्या घरी. गोल्फच्या मैदानावर साहेबांचे चेंडू गोळा करण्याचं कामही या मुलानं केलं.

ज्यांनी लहानपणी दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारून दिवसाची मजुरी घेतली असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मुंबईत आल्यावर कीर्ती कॉलेजात प्रवेश आणि एका खासगी क्लासमध्ये शिपायाची नोकरी. बी.ए. झाल्यावर मुंबई महापालिकेत कारकून म्हणून चिकटले. हे कारकुनाचं लक्षात ठेवा, पुढे त्याचा संदर्भ येणार आहे. महापालिकेची नोकरी म्हणजे त्या काळात मराठी माणसाला लॉटरीच. पक्की नोकरी, पेन्शन, क्वार्टर मिळाली तर मिळाली. आपल्याकडं आजसुद्धा पोरगं सरकारी नोकरीत लागलं की आई पेढे वाटते. जोशींनी ती नोकरी सोडली.

कोहिनूर

२ डिसेंबर १९६१, म्हणजे स्वतःच्या चोविसाव्या वाढदिवसाला, त्यांनी 'कोहिनूर टेक्निकल इन्स्टिट्यूट' सुरू केलं. नाव मोठं, जागा लहान. पण डोकं बघा. मुंबईत गिरण्या होत्या, कारखाने होते, नव्या इमारती उठत होत्या. वायरमन पाहिजे, प्लंबर पाहिजे, रेडिओ दुरुस्त करणारा पाहिजे, पुढे टीव्ही आला तर टीव्हीवाला पाहिजे. दहावी-अकरावीला नापास झालेला मराठी मुलगा मात्र कारकुनीच्या जाहिराती कापून ठेवत बसलेला. त्याच्या हातात पक्कड आणि टेस्टर द्यायचा, हा कोहिनूरचा धंदा. पुढे महाराष्ट्रभर शाखा निघाल्या. त्यातून हॉटेल, बांधकाम, शिक्षणसंस्था असा पसारा वाढला.

धंदा करत करतच ते एम.ए. झाले, वकिलीची पदवी घेतली. लोक त्यांना 'सर' म्हणायचे ते या क्लासमुळंच. राजकारणात गेल्यावर बाळासाहेब त्यांना 'पंत' म्हणत, पण शाखेवरचा साधा शिवसैनिक शेवटपर्यंत 'सर'च म्हणत राहिला.

माझं मत विचाराल तर जोशींच्या आयुष्यातलं सगळ्यात टिकाऊ काम हेच. मुख्यमंत्रिपद चार वर्षांत गेलं. कोहिनूरमधून शिकलेला वायरमन मात्र तीस-चाळीस वर्षं हातातल्या कामावर घर चालवत राहिला. आपल्या भागातून तेव्हा पोरं मुंबईला जायची ती गिरणीत नाहीतर हॉटेलात. हाताला कसब असलं की पगार किती फरकानं वाढतो हे जाऊन आलेल्यांना विचारा.

१९६९: माहीम ते येरवडा

१९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. जोशी १९६७ ला तिच्यात आले आणि १९६८ ला महापालिकेत नगरसेवक म्हणून निवडून आले. म्हणजे जिथं टेबलावर फायली सरकवल्या, त्याच इमारतीत सभागृहातल्या बाकावर.

आता आपल्या इकडचं बघू. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच्या आधीच, १७ जानेवारी १९५६ ला, बेळगावात आणि निपाणीत गोळीबार होऊन माणसं गेली होती. निपाणीच्या कमळाबाई मोहितेंचं नाव आपण दरवर्षी घेतो. पुढे १९६६ ला केंद्रानं महाजन आयोग नेमला आणि १९६७ ला त्याचा अहवाल आला. त्यात निपाणी महाराष्ट्राला, बेळगाव मात्र म्हैसूरलाच. आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली आणि २४७ गावं पलीकडं. महाराष्ट्रानं तो अहवाल फेटाळला, कर्नाटक आजही तोच धरून बसलंय. आपण निपाणीवाले मधल्या मधे. आयोगानं दिलं म्हणतात, पण मिळालं काहीच नाही.

या पार्श्वभूमीवर बाळासाहेबांनी जाहीर केलं की सीमाप्रश्न सुटेपर्यंत केंद्राच्या मंत्र्याला मुंबईत फिरू देणार नाही. फेब्रुवारी १९६९ ला उपपंतप्रधान मोरारजी देसाई मुंबईत आले. माहीमला शिवसैनिक निवेदन घेऊन रस्त्यावर थांबले होते. गाड्यांचा ताफा थांबला नाही. त्यातून जे पेटलं ते चार-पाच दिवस विझलं नाही. दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, गोळीबार. पन्नासहून अधिक माणसं मेली. बाळासाहेब ठाकरे, मनोहर जोशी आणि दत्ताजी साळवी या तिघांना उचललं आणि पुण्याला येरवड्याला नेलं. तुरुंगातूनच बाळासाहेबांनी शांततेचं आवाहन केलं, मग मुंबई शांत झाली. तिघं आत राहिले सुमारे तीन महिने.

इथं जरा थांबा. मेलेली ती माणसं बहुतेक मुंबईची. त्यांतल्या किती जणांनी बेळगाव बघितलं असेल? आपली वेदगंगा कुठून वाहते हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपण आपल्या हुतात्म्यांची नावं घेतो, पण माहीम-दादरला पडलेल्यांची नावं आपल्यातल्या किती जणांना येतात? मला येत नाहीत. लिहिताना लाज वाटली, पण खरं ते खरं.

आणि दुसरी बाजूही सांगतो. त्या दंगलीत दुकानं जळली, गाड्या जळल्या, गरिबाचंच जास्त नुकसान झालं. आपल्या नावानं झालं म्हणून ते सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. जोशींसारखा क्लास चालवणारा, वकिली शिकलेला, हिशेबी माणूस या भडक्यात कसा, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडायचा. पण शिवसेनेत दोन्ही लागायचं, रस्त्यावर उतरणारा आणि कागद सांभाळणारा. जोशी कागदवाले. तरी तुरुंग वाट्याला आला तेव्हा त्यांनी पाठ फिरवली नाही.

महापौर म्हणजे नक्की कोण?

१९७० ला जोशी स्थायी समितीचे अध्यक्ष झाले, १९७२ ला विधान परिषदेवर गेले आणि १९७६-७७ ला मुंबईचे महापौर. एकेकाळचा कारकून आता त्याच महापालिकेचा पहिला नागरिक. सिनेमात दाखवलं तर खोटं वाटेल.

आपल्या लोकांना महापौर म्हणजे शहराचा राजा वाटतो. तसं नसतं. सोसायटीत जसं असतं ना, चेअरमन खुर्चीवर, फोटोत मधोमध, पण सही सेक्रेटरीची आणि खात्याचा साहेब हलल्याशिवाय चेक हलत नाही, तसंच. मुंबई महापालिकेत कारभाराचा अधिकार आयुक्ताकडं, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. पैशाच्या चाव्या स्थायी समितीकडं. महापौर सभा चालवणार आणि शहराचा मान सांभाळणार. म्हणून जोशींचा खरा प्रभाव महापौरपदापेक्षा स्थायी समितीत जास्त होता असं म्हटलं तर चुकणार नाही. धंदेवाल्याला बजेटचं पुस्तक वाचता येतं. पुष्कळ नगरसेवकांना आजही येत नाही.

आणि ते वर्ष आणीबाणीचं होतं. शिवसेनेनं आणीबाणीला पाठिंबा दिला होता. विरोधकांचे नेते तुरुंगात असताना, सात वर्षांपूर्वी तुरुंगात बसून आलेला माणूस महापौर झाला. राजकारणात वारा फिरला की शीड फिरवावं लागतं म्हणतात. फिरवलं खरं.

आपल्या बेळगावचा महापौर मात्र वेगळाच प्राणी. इथं त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला अधिकार त्याहून कमी आणि जोखीम जास्त. २००५ साली विजय मोरे महापौर असताना महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. त्यांना बंगळूरात काळं फासलं गेलं आणि महापालिकाच बरखास्त झाली. मुंबईचा महापौर सीमेसाठी बोलला तर टाळ्या मिळतात. बेळगावचा बोलला तर खुर्ची जाते. हा फरक मुंबईत बसून कळत नाही.

मुंबईचे आणखी एक महापौर इथं आठवतात. छगन भुजबळ. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकणारा हा माणूस १९८५ ला महापौर झाला. १९८६ ला इथं कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं तेव्हा वेषांतर करून बेळगावात शिरला आणि पकडला गेला. ती गोष्ट म्हातारी माणसं अजून रंगवून सांगतात. जोशींच्या नावावर असली रंगतदार गोष्ट नाही. त्यांचा तो स्वभावच नव्हता.

मुख्यमंत्री आणि चिठ्ठी

१९९० ला जोशी दादरमधून विधानसभेवर गेले, विरोधी पक्षनेते झाले. त्या निवडणुकीच्या प्रचारातल्या 'हिंदू राज्य'च्या वाक्यावरून हायकोर्टानं त्यांची निवड रद्द केली होती. डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. तोवर ते मुख्यमंत्री होऊन बसले होते. १४ मार्च १९९५ ला शिवाजी पार्कवर शपथ, शिवसेनेचा पहिला मुख्यमंत्री.

त्या चार वर्षांवर वेगळा लेख होईल. बॉम्बेचं अधिकृत नाव मुंबई झालं, पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेचं काम निघालं, मुंबईत उड्डाणपुलांची रांग लागली, एक रुपयात झुणका-भाकर आली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवणार म्हणाले आणि मग नवा करार करून बाहेर काढला. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग गुंडाळला, पुन्हा सुरू करावा लागला, आणि अहवाल आला तेव्हा स्वीकारला नाही. हे डाग पुसले जाणार नाहीत.

आपल्या कामाची गोष्ट एक. १९९६ ला महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिलेलं कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी सन २००० पर्यंत अडवायचं होतं, म्हणून कर्जरोखे काढून धरणं-कालव्यांची कामं रेटली. दूधगंगा आणि वेदगंगा कोल्हापूरकडून येतात, आपल्या हद्दीतून जातात आणि पुढे कृष्णेला मिळतात. वर पाणी अडवलं की खाली डोहात किती उरतं, सोडलं की जाळी कुठं वाहून जातात, हे आपण दरवर्षी बघतो. मुंबईत कॅबिनेटमध्ये झालेला निर्णय आपल्या घाटावर पोचतोच. फक्त तो घेताना आपल्याला कुणी विचारत नाही, कारण आपण मतदार दुसऱ्या राज्याचे. सीमाभागातल्या माणसाचं खरं दुखणं भाषेइतकंच हेही आहे.

कारभार जोशींचा, पण रिमोट कंट्रोल बाळासाहेबांच्या हातात. हा शब्द खुद्द बाळासाहेबांचाच. पुण्यात शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचं आरक्षण उठवून त्यावर जावयाला इमारत बांधू दिल्याचं प्रकरण गाजलं. जानेवारी १९९९ ला मातोश्रीवरून चिठ्ठी आली, राजीनामा द्या. सरांनी दिला. वाद नाही, बंड नाही. नारायण राणे मुख्यमंत्री झाले. त्या भूखंडावरून पुढे २००९ ला मुंबई हायकोर्टानं कडक ताशेरे ओढले. गरिबीतून वर आलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात जरा सैल सुटतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. शाळेची जागा ती शाळेची जागा.

दिल्ली

चिठ्ठीवर गेलेला माणूस संपला असं सगळ्यांना वाटलं. त्याच वर्षी तो मुंबई उत्तर-मध्यमधून लोकसभेवर निवडून गेला आणि वाजपेयी सरकारात अवजड उद्योगमंत्री झाला. मार्च २००२ ला लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले. १० मे २००२ ला मनोहर जोशी बिनविरोध लोकसभा अध्यक्ष झाले. वार लावून जेवलेला नांदवीचा पोरगा देशाच्या सभागृहाच्या उंच खुर्चीवर.

सभागृह वर्गासारखं चालवायचे म्हणतात. सर ते सरच. ऑगस्ट २००३ ला सोनिया गांधींनी वाजपेयी सरकारवर अविश्वास ठराव आणला तेव्हा खुर्चीवर तेच होते. ठराव ३१२ विरुद्ध १८६ असा पडला. संसदेच्या आवारात शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला तोही त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल २००३ ला.

आता आमच्या चहाच्या टेबलावरचा प्रश्न. येरवड्यात गेलेला माणूस एवढ्या उंचीवर पोचला, मग सीमेचं काय केलं? एक म्हातारे सभासद चिडून म्हणाले, "आमच्या नावावर मोठे झाले आणि आम्हालाच विसरले." दुसरे म्हणाले, "अध्यक्षाला बोलता येत नाही हो, तो बोलायला देतो फक्त."

दोघांचंही थोडं खरं. लोकसभा अध्यक्षानं बाजू घ्यायची नसते. पण मुख्यमंत्री असताना चार वर्षं होती, दिल्लीत मित्रपक्षाचं सरकारही होतं. आणि मित्रपक्षाला कर्नाटकातही मतं पाहिजे होती. त्यातच सगळं आलं. मुंबईत विरोधात असताना सीमा ही तलवार असते, सत्तेत आल्यावर ती भिंतीवर टांगली जाते. काँग्रेसवाल्यांनीही तेच केलं. शेवटी २००४ ला महाराष्ट्र सरकारनं सुप्रीम कोर्टात दावा घातला, तो सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना. तारखा पडताहेत.

मी स्वतः जोशींना ढोंगी म्हणणार नाही. १९६९ ला जेलमध्ये जाताना त्यांना माहीत नव्हतं की आपण पुढे अध्यक्ष होणार. नवा नगरसेवक, क्लास नुकता रुळलेला, घरी बायको. धंदेवाल्याला तीन महिने आत बसणं काय पडतं हे दुकान बंद ठेवलेल्या माणसालाच कळेल. ते कर्ज आपल्यावर आहे. आणि सत्ता हातात असताना जे झालं नाही, ते त्यांच्या खात्यावर आहे. वही दोन्ही बाजूंनी लिहायची असते.

शेवटची वर्षं

२००४ ला काँग्रेसच्या एकनाथ गायकवाडांनी त्यांना हरवलं. लोकसभेचा अध्यक्ष, आणि आपल्याच मतदारसंघात पडला. २००६ ते २०१२ राज्यसभा. म्हणजे महापालिका, विधान परिषद, विधानसभा, लोकसभा, राज्यसभा, सगळीकडं बसून झालं. असे फार लोक देशात नाहीत.

दरम्यान २००५ ला दादरची कोहिनूर मिल नंबर ३ ची जागा ४२१ कोटींना लिलावात गेली. घेणाऱ्यांत त्यांच्या मुलाची कंपनी आणि राज ठाकरे भागीदार होते. शिवसेना भवनासमोर तो उंच टॉवर उभा राहिला. गिरणीच्या जागी. गिरणगावातल्या मराठी माणसाच्या जिवावर उभी राहिलेली संघटना आणि गिरणीच्या जागेवरचा टॉवर, समोरासमोर. दादरला गेलात तर रस्त्याच्या मधे उभं राहून दोन्हीकडं बघा.

ऑक्टोबर २०१३ ला दसरा मेळाव्यात, त्याच शिवाजी पार्कवर जिथं त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती, शिवसैनिकांनीच त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या. पंचाहत्तरी ओलांडलेले सर व्यासपीठावरून उतरून निघून गेले. टीव्हीवर ते बघताना पक्ष कुठलाही असो, वाईट वाटलं. तरी त्यांनी शिवसेना सोडली नाही.

२३ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, वय ८६. २०२५ ला मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झालं.

चहाचे पैसे त्या दिवशी 'तंबाखूवाले जोशी' म्हणालेल्या पोरानंच दिले. जाताना विचारत होता, माहीमला पडलेल्यांची नावं कुठं मिळतील. कुणाकडं जुनं वर्तमानपत्र किंवा समितीचं पत्रक असलं तर ऑफिसला आणून द्या. फोटो काढून लगेच परत करू.